न छापलेली वाक्यं

१

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. ताईनं तसं कार्ड माझ्यासमोर धरलं होतं आणि मी मान हलवली होती. पण कार्डावर ‘कुणाला सांगू नको’ एवढंच होतं. लिहू नको, असं नव्हतं. ही पळवाट आहे हे मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण सोमवारी माझी दहावीची तोंडी परीक्षा आहे आणि त्याआधी हे कुणाला तरी माहीत असायला हवं.

कळंबला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, आणि दोन्हींच्या मधे एक खिडकी नसलेली खोली. पप्पा तिला डार्करूम म्हणतात, आई अंधारखोली म्हणते. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीला तिथं हिरवं केमिकल लावून वाळवायचं. मग जाळीवर अक्षरांचा पारदर्शक कागद ठेवायचा, ट्यूबलाइटखाली धरायचं आणि पाण्यानं धुवायचं. जिथं उजेड लागला तिथलं केमिकल घट्ट बसतं. अक्षरांखाली उजेड पोचत नाही, तेवढंच वाहून जातं आणि तिथून शाई खाली उतरते. म्हणजे छापलेलं प्रत्येक अक्षर हे आधी जाळीतली एक मोकळी जागा असतं.

आमच्या दुकानाचा एकच नियम आहे. छापण्याआधी प्रूफ एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ओळीवर बोट धरायचं. माझ्या जन्माआधी पप्पांनी एका पुण्यानुमोदनाच्या कार्डावर वारलेल्या बापाच्या जागी मुलाचं नाव छापलं होतं. त्या मुलाला काही झालं नाही. आता तो पन्नाशीचा आहे, त्याचं किराणा दुकान आहे. पण तो अजूनही आमच्या गल्लीतून जात नाही, लांबून वळसा घेतो. तेव्हापासून हा नियम.

वाचायचं काम माझं. मी शाळेत बोलत नाही. हजेरीलासुद्धा हात वर करते. नातेवाईक आले की आई म्हणते, "आमची श्रावस्ती म्हणजे मुकी बाहुली." पण प्रूफ मात्र मी खणखणीत वाचते, कारण ते शब्द माझे नसतात. वाचताना मी अर्थाकडं लक्ष देत नाही. डोळ्यांना दिसतं, तोंड म्हणतं. पप्पांना हेच आवडतं. म्हणतात, अर्थात शिरलं की चूक सुटते.

२

ताई, म्हणजे संघप्रिया, पुण्याला डिझाइनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. जानेवारीत ती शेवटचा प्रोजेक्ट करायला घरी आली. येताना तिनं दोन प्रकारची अक्षरं काढून आणली होती. एक जाड, गोल, पोटं सुटलेली. ती तिनं पप्पांनी पूर्वी हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतली होती. दुसरी बारीक, सरळ, एकमेकांना न टेकणारी. जाड अक्षरं घरच्या बोलीसाठी, बारीक अक्षरं पुण्याच्या बोलीसाठी.

"एकवीस दिवस मी तोंडानं बोलणार न्हाय," तिनं जेवताना सांगितलं. "रोज सकाळी ठरवायचं, आज मला काय काय बोलावं लागंल. तेवढी वाक्यं छापायची, कार्डं कापायची. दिवसभर तीच दाखवायची. लिहून दाखवायचं न्हाय, मेसेज न्हाय. शेवटी दोन गठ्ठ्या करायच्या. जी मोठी, ती मी."

"ती तू म्हंजे?" पप्पांनी विचारलं.

"म्हणजे माझी खरी भाषा कोणती, ते."

"ह्याच्यासाठी फी भरायलो का आपण?" पप्पा आईला म्हणाले. आई हसली आणि म्हणाली, "तुला जमायचं न्हाय. झोपेत बी बडबडतीस. श्रावूला सांगितलं असतं तर कुणाला कळलंबी नसतं."

सगळे हसले. मीही हसले.

ताई हे का करते आहे ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, तिच्या तोंडून "हे मला करायला लई दिवस लागले" असं गेलं होतं आणि मागं बसलेल्या मुलींनी वर्षभर तिला ‘लई’ म्हणून हाक मारली. त्यानंतर ती फोनवर मैत्रिणींशी वेगळं बोलायची आणि आमच्याशी वेगळं. कधीकधी मधेच अडायची. मला ‘शावे’ म्हणून हाक मारता मारता थांबायची आणि ‘श्रावस्ती’ म्हणायची. मला शावे फक्त तीच म्हणते.

ज्युरी दहा फेब्रुवारीला होती. तिथं स्वतःचं काम स्वतः उभं राहून बोलून दाखवावं लागतं. चिठ्ठी वाचलेली चालत नाही. तिथं नापास म्हणजे वर्ष गेलं.

३

पहिले दिवस मजेचे होते. ‘चहा दे.’ ‘माझा टॉवेल कुठं हाय?’ ‘आई, भाजीत मीठ न्हाय.’ रोज सकाळी मी प्रूफ वाचायची आणि ताई ओळीवर बोट धरायची. जाड अक्षरांची वाक्यं मी तिच्यासारखीच, शेवट ओढून वाचायची. ती तोंडावर हात धरून हसायची, आवाज न करता.

त्रास व्हायचा तो न ठरवलेल्या गोष्टींचा. ज्याचं कार्ड नाही ते तिला बोलता यायचं नाही. पाचव्या दिवशी गल्लीत दोन बैल झुंजले, तेव्हा तिनं माझा दंड धरून नुसतं दाबलं. तिच्याकडं त्या दिवशी ‘झोपते’, ‘भूक लागली’ आणि चहाची तीन कार्डं होती.

सातव्या दिवशी पप्पा चौकटीला जाळी ठोकत होते. मी कोपऱ्यात पत्रिका मोजून शंभराच्या गठ्ठ्या बांधत होते, ताई माझ्यासमोर कार्डं कापत होती.

"पप्पा, रक्त यायलंय की वो."

"व्हय, दिसलं," पप्पा म्हणाले. खिळ्यानं त्यांचं बोट फाटलं होतं. त्यांनी ते तोंडात घातलं आणि पुन्हा हातोडी उचलली.

मी ताईकडं पाहिलं. तिच्या हातात कटर होता. ओठ मिटलेले होते. ती माझ्याकडं बघत नव्हती, पप्पांच्या पाठीमागं बघत होती, डार्करूमच्या दाराकडं. पप्पांना काही वेगळं वाटलं नाही. बावीस वर्षं त्यांनी तो आवाज ऐकला आहे. घरात तो आवाज असणारच.

ती चुकून बोलून गेली, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाला रक्त आलेलं बघून कुणीही बोलेल. ओठ मिटायला किती वेळ लागतो? पण मी तिच्यापासून दोन हातांवर होते, आणि आवाज माझ्या डावीकडून आला होता.

४

त्यानंतर मी कान देऊन ऐकू लागले. न बोलणाऱ्या माणसाला ऐकायला वेळ भरपूर असतो.

दुपारी दुकानात फार कुणी नसतं. पंखा कुरकुरतो, स्टँडवरून कंडक्टरची घंटी येते. त्या सगळ्याखाली एक बारीक आवाज असायचा, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसा. शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची. शेवटाला ओढलेली, ताईची. मी उठून डार्करूमच्या दाराशी गेले की बंद. मागं फिरून बसले की थोड्या वेळानं पुन्हा.

खोली पत्र्याची आहे, बाहेरचा आवाज घुमत असेल, असं वाटून एकदा मी दारात उभी राहून टाळी वाजवली. टाळी तिथंच विझली. भिंतीला लावलेल्या चौकटींनी आणि कापडांनी ती खाऊन टाकली. त्या खोलीत काहीच घुमत नाही.

बाराव्या दिवशी चन्नबसप्पा काका आले. त्यांचं मार्केट यार्डात आडत दुकान आहे आणि मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मी मागं घरात पुस्तक घ्यायला गेले होते. ताई आणि आई बाजारात होत्या, पप्पा शाई आणायला लातूरला. मी परत आले तर काका खुर्चीत बसून टोपीनं वारा घेत होते.

"कुठाय गं तुझा बाप? प्रिया म्हणली बसा काका, येतेत आता. बसलो. पाणी मागितलं तर आणायचं नाव न्हाय. पुण्याला गेली की पोरी पाणी बी द्यायच्या बंद होतेत का?"

मी वळून डार्करूमच्या दाराकडं बघितलं.

"अगं तुला बी काय झालं? तुमच्या घरात एक बोलतीय तर दुसरी मुकी. आतूनच बोलती, बाहेर यायला लाजती का काय? म्हणलं लगीन कवा तुझं? तर म्हणती, आधी मला भाईर तर येऊ द्या." काका खोकत हसले. "तोंडाळ हाय, पण ग्वाड हाय."

मी पाणी दिलं. काका पिऊन, "जयभीम सांग बापाला," म्हणून गेले. डार्करूमला बाहेरून कडी होती. मी कडीला हात लावला. ती गार होती, आणि अगदी थोडी थरथरत होती, जसं दाराला आतून कुणी पाठ टेकून बसलेलं असावं.

मग मला आठवलं, स्टँडवरून मोठी बस निघाली की आमची सगळीच दारं थरथरतात. मी बस जाण्याचा आवाज येईपर्यंत थांबले. बस आली नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेले. हे धाडस नव्हतं. न बघता तिथं रोज बसणं मला जास्त जड जात होतं.

आत लाल बल्ब आहे. त्यात हिरवी जाळी काळी दिसते. भिंतीला पंधरा-वीस चौकटी टेकवलेल्या असतात. जुनी जाळी ब्लीच लावून धुतली तरी आधीच्या अक्षरांची सावली तिच्यात राहते. लाल उजेडात तिरकं बघितलं की दिसते. कुणाकुणाची नावं, तारखा, आमचे येथे. मी लहानपणी ती वाचत बसायची.

मी दार लोटून घेतलं आणि श्वास धरला.

"भाजीत मीठ न्हाय," कुणीतरी म्हणालं. अगदी हळू. मग, "लई दिवस लागले. लई दिवस लागले." मग, "आई, माझं डोकं दुखायलंय. आई, मला तिकडं जायचं न्हाय."

यातलं पहिलं कार्डावर होतं. बाकीचं कधीच छापलं नव्हतं. मी प्रत्येक प्रूफ वाचलं होतं, मला पाठ होतं.

फोन असेल, मी म्हणाले. तोंडानं नाही, मनात. ताईनं रेकॉर्ड करून ठेवलं असेल, प्रोजेक्टचा भाग असेल. मी गुडघ्यांवर बसून चौकटींच्या मागं हात घालत गेले. कोळिष्टकं, शाईचा वाळका डबा, एक चप्पल. फोन नाही, वायर नाही. मागच्या बाजूच्या चौकटींशी गेले तसा आवाज थांबला. थांबला म्हणजे, आपण जवळ आलो की बोलणारा माणूस थांबतो, तसा.

"शावे," तो म्हणाला. "तू हायस व्हय?"

माझ्या मागं दार उघडलं. दारात ताई होती. फोन तिच्याच हातात होता, आणि त्याचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. ओठ इतके घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते. तिनं मला हाताला धरून बाहेर ओढलं, कडी लावली. मग टेबलावरचा पेन घेतला आणि नियम मोडून पत्रिकेच्या मागं लिहिलं : तुलाबी ऐकू येतं?

मी मान हलवली. ती रडली नाही. खुर्चीत बसून किती तरी वेळ नुसती पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिली. दुसऱ्या दिवशीच्या प्रूफात एक नवीन वाक्य होतं, बारीक अक्षरांत : कुणाला सांगू नको. मी ते मोठ्यानं वाचलं. त्या दिवसापासून ताईनं जाड अक्षरांत एकही कार्ड छापलं नाही.

६

एकविसावा दिवस शनिवार होता. आईनं धपाटे केले होते, दह्यात शेंगदाण्याची चटणी कालवली होती. पप्पांनी दोन्ही गठ्ठ्या टेबलावर शेजारी ठेवल्या. जाड अक्षरांची गठ्ठी बोटभर होती, बारीक अक्षरांची वीतभर.

"लागला निकाल," पप्पा म्हणाले. "पुणेकरीण झालीस. बोल आता."

ताईनं तोंड उघडलं.

श्वास आला. नुसता श्वास. तिनं गळ्याला हात लावला, पुन्हा तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. काहीच आलं नाही. आईला आधी गंमत वाटली. मग तव्यावरचा धपाटा करपला तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"घसा बसला आसंल," पप्पा म्हणाले. "तीन आठवडे बंद मशीन, सुरू व्हायला येळ लागतो. गरम पाणी दे तिला."

गरम पाणी झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला आणि म्हणाले, घशात काही नाही, घाबरली आहे, चार-आठ दिवसांत येईल आवाज. पण ज्युरी मंगळवारी होती आणि पुण्याची गाडी सोमवारी सकाळची.

शनिवारी संध्याकाळी आई ताईच्या केसांना तेल लावत बसली होती आणि सारखी म्हणत होती, "आई म्हण. नुसतं आई म्हण." ताई ओठ हलवत होती. आणि भिंतीपलीकडून, पंख्याच्या कुरकुरीखालून, अगदी स्पष्ट येत होतं : "आई. आई. आई गं." आईच्या कानात तिचंच ‘आई म्हण’ भरलेलं होतं, ती तेल लावत राहिली. ताईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी एवढी भीती कधी बघितली नव्हती, आणि भीतीबरोबर दुसरंही काही होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

७

रविवारी दुपारी आईपप्पा विहारात गेले होते. ताईनं एकटीनं एक छोटी चौकट तयार केली. मी गणितं सोडवत होते. तिनं मला खूण केली, मी उठून टेबलाशी गेले, नेहमीसारखी. प्रूफ पुढं आलं, तिनं ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

अक्षरं या वेळी जाड नव्हती आणि बारीकही नव्हती. नीट, जरा उजवीकडं कललेली होती. ओळखीची वाटली. तिसरा प्रकार कधी काढला, एवढंच माझ्या मनात आलं. आणि मी वाचलं. खणखणीत, अर्थात न शिरता, लग्नपत्रिका वाचतात तसं :

"श्रावस्ती अमरदीप हिने आपला आवाज थोरली बहीण संघप्रिया हिला दिला आहे."

बोट ओळीच्या शेवटाला पोचलं. तेव्हा मला कळलं की ती अक्षरं माझी आहेत. माझ्या वहीतली. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी.

डार्करूममध्ये काहीतरी हललं, एक चौकट दुसरीवर टेकावी तसं.

"फक्त ज्युरीपुरता, श्रावस्ती," ताई म्हणाली. "मंगळवारपर्यंत. मी आणून देते, शप्पथ."

ती माझ्या आवाजात म्हणाली.

आपला आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही, त्यामुळं मला खात्री नव्हती. मी "काय केलंस" म्हणायला तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली. आवाजाच्या जागी काही नव्हतं, जाळीतून धुऊन गेलेलं असतं तशी मोकळी जागा.

आई परत आली तेव्हा ताईनं तिला "आई" म्हणून हाक मारली. आई उंबऱ्यातच बसली आणि रडली. पप्पांनी पेढे आणले. सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ला. मला कुणी काही विचारलं नाही.

८

ताईची ज्युरी फार चांगली झाली. मंगळवारी संध्याकाळी फोन आला, पप्पांनी स्पीकरवर टाकला. परीक्षकांनी म्हणे तिच्या दोन गठ्ठ्यांची मांडणी भिंतीवर लावून ठेवायला सांगितली आणि कुणीतरी तिच्या स्वच्छ बोलण्याचं कौतुक केलं.

"अगं बाई, डिट्टो श्रावू बोलायलीय असं वाटतंय," आई म्हणाली.

"बहिणी हायत," पप्पा म्हणाले. "फोनवर सगळ्या सारख्याच."

खरं आहे. आधीही मी फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की लोकांना ताईच वाटायची. मी तेच मनाशी धरून बसले. मला ताप येऊन गेला असेल, घसा बसला असेल, भीतीनं असं होतं, डॉक्टरही म्हणाले होते. बुधवार गेला. गुरुवार गेला. ताई आली नाही. शाळेत वर्गशिक्षिकांनी तोंडी परीक्षेच्या सरावाला उभं केलं, मी मान खाली घालून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "सोमवारी असं चालणार नाही हं. बाहेरचे सर येणार आहेत." आणि पुढच्या मुलीला उठवलं. घरात तर काहीच फरक पडला नाही. आई विचारते, मी मान हलवते. पप्पा सध्या प्रूफ स्वतःच वाचतात, माझा अभ्यास आहे म्हणून. सहा दिवसांत मी एक शब्द बोलले नाही आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

काल मी ताईला मेसेज केला : परत कधी आणतेस?

तिनं फोन केला. मी कानाला लावला आणि मला माझा आवाज ऐकू आला, फोनमधून, मोकळा, हसरा, मी कधी बोलले नाही इतका सहज.

"श्रावस्ती, जरा समजून घे ना. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहेत. आणि खरं सांगू का, तुला तो कशाला हवाय? तू कुठे बोलतेस?"

मी फोनमध्ये श्वास सोडत राहिले.

"माझा आहे ना तिथे," ती म्हणाली. "तो घे. मला नकोय."

फोन ठेवल्यावर मी डार्करूममध्ये गेले. लाल बल्ब लावला. काही ऐकू येत नव्हतं. सगळ्यात मागं भिंतीवर टांगलेल्या त्या छोट्या चौकटीवर ताईनं रविवारी लावलेलं केमिकल वाळलं होतं आणि मधोमध माझ्या अक्षरांतली ती ओळ मोकळी होती. मी जवळ गेले. जाळी आत ओढली गेली. मग बाहेर आली. पुन्हा आत. तोंडावर ओढणी घेऊन श्वास घेतला की ओढणी कशी आत जाते, तशी, माझ्या तोंडाच्या उंचीवर. चौकटीच्या मागं चार बोटांची जागा आणि मग भिंत आहे. मी तिच्या मागं वाकून बघितलं नाही. एवढंच मी सांगू शकते, की बघितलं नाही.

आज शनिवार. आईपप्पा एका लग्नाला गेले आहेत, ते संध्याकाळी येतील. मी दुकानाच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. डार्करूमला कडी आहे, मी दोनदा बघितली. अर्ध्या तासापासून आतून हाक येते आहे.

मला वाटलं होतं मला भीती वाटेल. वाटते आहे, पण नुसती भीती नाही. तो आवाज बैलांची झुंज बघून ओरडणारा आहे, मला नदीवर पोहायला शिकवणारा, भाजीत मीठ नाही म्हणून आईशी भांडणारा. तो आता जगात दुसरीकडं कुठंच नाही. ताईला तो नको आहे. आईपप्पांना तो गेल्याचं माहीत नाही. तो मला ओळखतो.

"शावे, ये की गं. किती येळ बोलवायलीय."

मी ठरवलं आहे की जाणार नाही. तो घेतला तर सोमवारी मी उभी राहीन आणि बोलेन, पण बोलणारी कोण असेल? आणि न घेतला तर मी आयुष्यभर अशीच. ती हाक मारतच राहणार. थांब, आईपप्पांना येऊ दे, एवढं म्हटलं असतं तरी ती थांबली असती, ताई नेहमी थांबायची. पण इथून मला ओ देता येत नाही. म्हणजे तिला थांब म्हणायलासुद्धा मला दाराशी जावं लागेल, कडी काढून आत तोंड दाखवावं लागेल, आणि

"शावे."

हो, आले, एवढं वाक्य पुरं करून येते, मला फक्त हे लिहायचं आहे की जर सोमवारी माझ्या